इयत्ता तिसरी ब मधला हिरवा दिवा

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. संध्याकाळी निवांत लिहू म्हटलं तर अर्धी गंमत उडून जाईल, आणि शिवाय कंपनीची बस महाळुंग्याला पोचली की मोबाईल गेटवर जमा होतो. चाकणच्या ट्रॅफिकचे आयुष्यात पहिल्यांदा आभार मानून टाइप करतेय. चुका दिसल्या तर पुढे चला, थांबू नका.

झालं काय, सकाळी आमच्या गॅरेजवाल्या सलीमचाचांनी एक फोटो पाठवला. फोटोत विशेष काही नाही. कासारवाडीतली आमची महापालिकेची शाळा, वर भरून आलेलं आभाळ, फाटक सताड उघडं, आणि पायरीवर माझी आई. पदर खोचलेला, हातात ड्रिल मशीन. खाली चाचांची ओळ : "तेरी अम्मी कामाला लागली." काल दिवसभर रिक्षा फिरत होती, "धरणातून पाणी सोडण्यात येणार आहे, नदीकाठच्या नागरिकांनी..." ते पुढचं आम्हाला पाठ आहे. खालच्या गल्लीतली घरं रिकामी होतायत. माणसं शाळेत येतायत.

फोटो बघून माझे डोळे भरून आले. शेजारच्या सीटवरची पूजा म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, आईच्या हातात ड्रिल आहे." ती म्हणाली, "मग?"

मग काय मग! हे एवढं सगळं तिला कसं सांगू, म्हणून तुम्हाला सांगते.

एका पावसाळ्यात, घरात पुराचं पाणी शिरलं म्हणून, त्या शाळेत आम्ही राहायला होतो.

आमचं घर तेव्हा पवनेच्या अगदी काठाला. खिडकीतून नदी दिसते म्हटलं की कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "वा, रिव्हर व्ह्यू!" कसला व्ह्यू. उन्हाळ्यात नदी दिसायचीच नाही, नुसती हिरवीगार जलपर्णी, एखादं पोरगं त्यावर बॉल आणायला उतरेल की काय अशी भीती वाटायची. त्या वर्षी ती जलपर्णी आमच्या कपाटात आली. खरंच सांगतेय. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर माझ्या डिप्लोमाच्या ड्रॉइंग शीटवर एक झुडूप मुळांसकट आरामात पसरलेलं, जसं काही सबमिशन त्याचंच होतं.

पाणी कसं चढलं ते मी नाही सांगत, ते सगळेच सांगतात. मला त्यातलं फार आठवतही नाही. बाबांच्या खांद्यावर गॅसची टाकी, आईच्या हातात पिठाचा डबा आणि पिशवीत कागदपत्रं, आणि मी का कोण जाणे, भिंतीवरचं घड्याळ काढून घेतलेलं. अख्ख्या शाळेत घड्याळ घेऊन आलेली मी एकटीच. पुढे त्याचा फार उपयोग झाला, टँकर कधी येणार हे सगळे मलाच विचारायचे, जसं काही तो मीच पाठवत होते.

आठवतो तो वास. ओला खडू, फिनेल, मोठ्या पातेल्यातली खिचडी, आणि न वाळलेल्या गोधड्या. आजही कुठे फिनेलचा वास आला की माझं नाक आधी खिचडी शोधतं.

बायका आणि लेकरांना इयत्ता तिसरी ब मिळाली होती. बाप्ये व्हरांड्यात. वर्गात साड्यांचे पडदे बांधून प्रत्येकीने आपापलं घर केलं होतं. भिंतीवर पाढे, ऋतूंचा तक्ता, आणि एक 'पाण्याचे उपयोग' नावाचा तक्ता. त्यात आंघोळ होती, शेती होती, वीज होती, कपाटात जलपर्णी नव्हती. छोट्या बाकांवर आमची भांडी. कांबळेआजी एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "साठ वर्षांनी शाळेत आले, आता तरी पास करा मला." सगळा वर्ग हसला. मला वाटतं आम्ही तिथे पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

खायला भरपूर येत होतं हो. बिस्किटं, केळी, पुलाव, पुन्हा बिस्किटं. कपडे तर एवढे आले की ढीग झाला. कुणीतरी झगमगीत शेरवानीही दिली होती, ती सलीमचाचांनी अंगाला लावून बघितली आणि म्हणाले, "सही है, गाडीके नीचे झोपूनच लग्नाची दावत देतो आता." चाचांचं गॅरेज स्टेशनकडच्या वरच्या रस्त्याला, म्हणून त्यांच्याकडे पाणी आलं नव्हतं. पण त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि दिवसभर शाळेतच असायचे, पाना घेऊन.

सगळं होतं. फक्त आई पाणी पीत नव्हती.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही उशिराच आलं. आईला त्याच उन्हाळ्यात मुतखड्याचा त्रास झाला होता. रिक्षातून नेताना ती वाकडी झाली होती दुखून, मी तिला कधी तसं बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी औषधापेक्षा जास्त वेळा एकच गोष्ट सांगितली होती, पाणी, पाणी, पाणी. घरी ती मोठी बाटली भरून शेजारी ठेवायची. इथे बाटली सकाळी जेवढी असायची तेवढीच संध्याकाळी.

"आई, पाणी."

"नको. तहान नाही मला."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरला सांग ह्या शाळेत येऊन राहा म्हणून." आम्ही मूळचे लातूरकडचे, आई चिडली की तिची भाषा थेट गावी जाते. "काय करूलालीस गं सकाळपासून? पाणी पी, पाणी पी. आणि मग जाऊ कुठं?"

कुठं, तोच प्रश्न होता. शाळा लेकरांची, तर संडासही लेकरांचे. भांडी बुटकी, दारं अर्धी, आणि आतून कडी नाही, कारण कडी असली की एखादं पोरगं आत अडकून बसतं. शाळेसाठी एकदम बरोबर. पण चाळिशीतली माझी आई तिथे एका हाताने दार धरून कशी बसणार? आणि व्हरांड्यातून, सगळ्या बाप्यांसमोरून हातात बादली घेऊन तिथवर जाणार कशी? सगळ्या बायकांचं तसंच. सकाळी अंधारातच उरकायचं आणि मग दिवसभर घसा कोरडा. कुणी बोलत नव्हतं. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, असं आपण कुठे शिकतो कोण जाणे, तक्त्यावर तर नसतं.

मग पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीतून वैशालीकाकू आल्या. गाडीतून उतरल्या, रेनकोट, चष्म्यावर पाणी. मला वाटलं आली बिस्किटं. पण त्या रिकाम्या हातांनी आल्या होत्या! तिसरी ब मध्ये येऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी काहीच आणलेलं नाहीये. काय आणू ते विचारायला आलेय."

सगळ्या एकमेकींकडे बघतायत. माझ्या तोंडातून निघालं, "कड्या."

"कढया? किती मोठ्या?"

"नाही हो काकू, कड्या. दाराच्या. आतून लावायच्या."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग त्यांना कळलं. त्यांनी "अरे देवा" वगैरे काही म्हटलं नाही. उठल्या आणि गेल्या. तासाभरात हार्डवेअरच्या दुकानातल्या कड्या, स्क्रू, झाकणाच्या बादल्या, ब्लीचिंग पावडर आणि कागदात गुंडाळलेल्या पॅडची मोठी पिशवी. "पुढची यादी सांगा," म्हणाल्या, जशा काही त्या डिलिव्हरीवाल्या. मला आजपर्यंत मिळालेल्या सगळ्या भेटवस्तूंत पहिला नंबर त्या कड्यांचा. वाढदिवसाला मिळालेल्या मनगटी घड्याळापेक्षाही वर.

कड्या चाचांनी लावल्या. म्हणजे पहिली चाचांनी लावली, दुसरीला आई शेजारी उभी राहून बघत होती, तिसरीला म्हणाली, "द्या इकडं, बघू." चाचा म्हणाले, "भाभी, मशीन झटका देती." आई म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या फोर्कलिफ्टपेक्षा कमीच दिल." बाबा चाकणला फोर्कलिफ्ट चालवतात, ते व्हरांड्यातून ओरडले, "मला कशाला मधी घेतेस?" कडी थोडी तिरकी बसली. पण बसली.

आता संडासांना कड्या झाल्या तरी ते होते थोडेच, आणि बाप्यांच्या बाजूला. म्हणून मग बाळूदादा आला.

बाळूदादा म्हणजे बाबांच्या कंपनीतला मेंटेनन्सचा फिटर. महाळुंग्याचा मूळचा, कंपन्या यायच्या आधीपासूनच्या घरातला. बाबांनी फोनवर अडचण सांगितली, आणि पठ्ठ्या साहेबांची परवानगी काढून टेम्पोभर लाकडी पॅलेट आणि प्लायवूडच्या पेट्या घेऊन हजर. ज्यातून परदेशातनं मशीनी येतात ना, त्या पेट्या. "लाकूड बगा कसलं हाय! आमी आंघुळीच्या बंबात जाळतो, पाप लागंल." चाचांनी अँगल वेल्डिंग करून सांगाडा केला, महापालिकेच्या माणसांनी ड्रेनेजच्या चेंबरला जोडून भांडी बसवून दिली, आणि तिसरी ब च्या मागच्या भिंतीलगत बायकांसाठी दोन नव्या खोल्या उभ्या राहिल्या. भिंतींवर पेटीवरचे छाप तसेच. काचेच्या ग्लासाचं चित्र, वर जाणारे बाण, आणि मोठ्या अक्षरांत 'फ्रॅजाइल'. त्या वेळी तशाच होतो आम्ही सगळ्या, जपून उचलण्यासारख्या. पण तेव्हा मला फक्त हसू आलं होतं.

आई आत जाऊन बघून आली. कडी लावून बघितली, उघडून बघितली. बाहेर येऊन तिने बाटली तोंडाला लावली आणि अर्धी संपवली. मला नाचावंसं वाटलं.

इथे गोष्ट संपली असती. पण बाळूदादा फिटर ना!

कंपनीत प्रत्येक मशीनवर एक दिव्याचा खांब असतो, टॉवर लॅम्प म्हणतात. हिरवा म्हणजे सगळं सुरळीत, लाल म्हणजे मशीन अडलंय, लांबून सुपरवायझरला दिसावं म्हणून. बाळूदादाने बघितलं की बायका पावसात रांग लावून उभ्या राहतात, आत कुणी आहे की नाही म्हणून दार वाजवतात. त्याला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी भंगारातून दोन जुने टॉवर लॅम्प घेऊन आला. कडीच्या खाली छोटं बटण बसवलं, आतून कडी सरकवली की ते दाबलं जाणार आणि छपरावरचा दिवा लाल, उघडली की हिरवा. शॉक लागू नये म्हणून चोवीस व्होल्टचा सप्लाय, सगळं पद्धतशीर. व्हरांड्यातले कंपन्यांत कामाला जाणारे बाप्ये चहा घेऊन उभे, मान डोलावतायत. "एक नंबर, राव!" "आता कुनाला दार वाजवायला नको." बाबा पण म्हणाले, "डोकं आहे बाळ्याला." खरंच डोकं होतं हो. मी सुद्धा टाळ्या वाजवल्या.

उद्घाटनाला कांबळेआजी गेल्या. कडी लागली. छपरावर लाल दिवा पेटला, आणि "टूंऽऽऽ".

बझर काढायचा राहिला होता.

मैदानात चहा पिणारे सगळे, खिचडीच्या रांगेतले सगळे, फाटकावरचा वॉचमन, सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. वर लाल दिवा, आत कांबळेआजी. थोड्या वेळाने पुन्हा "टूंऽ", हिरवा दिवा, आणि आजी बाहेर. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग बाळूदादाकडे बघितलं. "मुडद्या, बँडवालाही बोलवायचा होतास की!"

चाचा हसून हसून खाली बसले. "क्या फिटर, संडास बनाया की पोलीसकी गाडी?"

बझर तेव्हाच्या तेव्हा काढला. पण दिवा राहिला. आणि दिवा दोन मजल्यांवरून दिसत होता. आता अख्ख्या मैदानाला कळणार, कोण गेलं, कधी गेलं, किती वेळ झाला. लाल दिवा पेटला की दोन टवाळ पोरं मोबाईलवर टायमर लावायची, हेही मी बघितलं. दुपारपर्यंत तिसरी ब मधलं कुणीच तिकडे जाईना. नव्या खोल्या रिकाम्या, दोन्ही दिवे हिरवेगार, आणि बाळूदादा खूश, "बगा, लायनीच बंद झाल्या."

आईची बाटली पुन्हा भरलेलीच.

आधी आई निदान अंधारात तरी जायची. आता अंधारात तर तो दिवा अजूनच लांबून दिसणार. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाकाला धरून उभी राहिली आणि खाली बसली. कमरेतून कळ. तोच घाम, तसंच वाकडं होणं. शेजारच्या वर्गात डॉक्टरीणबाई तपासायला बसल्या होत्या, त्यांना मी अक्षरशः ओढून आणलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, बाटली उचलून प्रकाशात धरली आणि म्हणाल्या, "ताई, संध्याकाळपर्यंत एवढ्या दोन बाटल्या पोटात गेल्या पाहिजेत. नाहीतर मी तुम्हाला ॲडमिट करणार, आणि तो खडा तिथे अडकला तर पुढचं मला सांगता येणार नाही."

डॉक्टरीणबाई गेल्यावर वर्गात एकच कालवा. सगळ्या आईच्या भोवती. "काढून टाका तो मेला दिवा!" "दगड मारते मी." तर शाहीनचाची, म्हणजे चाचांची बायको, त्या रोज पोळ्या घेऊन यायच्या, त्या म्हणाल्या, "निकाल दो, पण मग फिरसे बारिशमे लाईन. लाईन भी तो सब देखते." तेही खरं. रांगेत उभं राहणं म्हणजे तरी काय, हातात बादली घेऊन सगळ्यांना सांगणंच.

आई उठली. मी म्हटलं, "झोप ना!" ती साडी सारखी करत, भिंत धरत बाहेर गेली. सरळ चहाच्या टेबलापाशी, सगळे बाप्ये बसले होते तिथे. माझी आई, जी दुकानात पॅड मागताना मला पुढे ढकलायची!

"बाळूभाऊ."

"बोला, वैनी."

"दिवा लई चांगला केलात तुम्ही. पण तो दिवा कुणासाठी हाय?"

"बायांसाठीच की."

"मग तो मैदानाला काय म्हणून दाखवूलालात? आमच्या खोलीत लावा."

बाळूदादाच्या हातातला कप तसाच राहिला. मला वाटलं आता रागावणार. त्याने छपराकडे बघितलं, मग तिसरी ब च्या खिडकीकडे, मग पुन्हा छपराकडे. आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "व्हय की! सुपरवायझर आत बसल्यात आन् म्या दिवा भाईर लावलाय!" बाबा खाली मान घालून हसत होते. टायमरवाली पोरं कधी उठून गेली कुणाला कळलं नाही.

वायर खिडकीतून आत आली. दोन्ही टॉवर लॅम्प फळ्याच्या वर, जिथे रोज सुविचार लिहितात तिथे बसले. आता आम्ही वर्गात बसल्या बसल्या बघायचो. हिरवा झाला की जिचा नंबर ती उठायची, मागच्या दाराने भिंतीच्या कडेकडेने दोन पावलं, की आत. रांग नाही, बादली घेऊन मिरवणं नाही, मैदानात कुणाला पत्ताही नाही. त्यातून मग एक वेगळीच भाषा तयार झाली. "हिरवा झाला गं, पळ!" "अगं कोण आहे आत, कधीचा लाल आहे?" "सूनबाई आहे माझी, राहू दे, तेवढाच निवांतपणा तिला." पोरी अभ्यास करता करता वर बघायच्या. कांबळेआजी तर जप करता करता.

आता मी स्वतः कंपनीत लाइनवर काम करते. दिवसभर डोळ्यासमोर ते दिवे. नवीन आलेल्या पोरी बघते, सकाळपासून बाटलीचं झाकण न उघडलेल्या, कारण जागेवरून उठायचं म्हणजे सगळ्यांसमोर हात वर करायचा. मी त्यांना काही विचारत नाही. जाता जाता नुसतं म्हणते, "तू जाऊन ये, मी उभी आहे इथे." हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही, तिसरीत शिकले.

लोक म्हणतात पुराने सगळं नेलं. नेलं ना, फ्रिज नेला, गाद्या नेल्या, माझं ड्रॉइंग नेलं. पण तो पावसाळा आठवला की मला आधी आठवतात ते देणारे हात. रिकाम्या हातांनी येऊन विचारणारी काकू. चूक केली म्हणून न फुगता वायर ओढणारा बाळूदादा. ड्रिल शिकवून वर "भाभी, गॅरेजमे नोकरी देतो" म्हणणारे चाचा. बिस्किटं कुणी दिली ते मी विसरले, माफ करा, फार बिस्किटं होती. पण माझ्या आईला कशाची लाज वाटते हे ज्यांनी समजून घेतलं, ते कसे विसरू? आज आई त्याच पायरीवर ड्रिल घेऊन का उभी आहे, ते आता कळलं ना?

त्या दिवशी वायर आत आल्यावर आई फळ्याखाली बसली होती. कळ कमी झाली होती, चेहरा अजून उतरलेलाच. तिने दिव्याकडे बघितलं. हिरवा. मग बाटली उचलली आणि प्यायला लागली, घोट घोट नाही, गटागटा, गळ्यावरून ओघळ आले तरी थांबेना. संपवली, ओठ पुसले, आणि रिकामी बाटली माझ्यापुढे धरली. "भर अजून."

मी भरायला गेले तेव्हा नळावर उभी राहून रडले, आणि कुणाला कळलं नाही, कारण सगळीकडे पाणीच होतं.

तुमचं झालंय का असं कधी? पुरातच पाहिजे असं नाही हं. लग्नाच्या हॉलवर, एसटीच्या लांबच्या प्रवासात, परीक्षेच्या सेंटरवर, "तिथे सोय कशी असेल" म्हणून सकाळपासून पाणीच प्यायलं नाही, असं तुमचं, तुमच्या आईचं, बहिणीचं झालंय? आणि मग कुणी न मागता तुमच्यासाठी आतून कडी बसवली का? कोण होतं ते? सांगा ना.